शिमग्यापासून सुरुवात कर: किनाऱ्यावरच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीची वाट

१ जूनला होड्या वर ओढल्या जातात आणि ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद राहते. आंब्याचा हंगाम तोवर संपलेला असतो, काजूची बी विकून झालेली असते. त्यातून हाती आलेलं घर शाकारण्यात, भातबियाण्यात आणि दुकानदाराच्या उधारीत जातं. नेमके याच दोन महिन्यांत कॉलेजांचे प्रवेश असतात. वर्षभरात घरात सगळ्यांत कमी पैसा असतो, तेव्हाच फी मागितली जाते.

मी खाडीकाठच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात १७ वर्षं शिकवते. बारावीला चांगले गुण मिळवून घरी बसलेल्या मुली मी मोजल्या आहेत आणि त्यातली प्रत्येक मला आठवते. आमचा कोकण विभाग २०१२ साली स्वतंत्र मंडळ झाल्यापासून बारावीच्या निकालात राज्यात पुढेच आहे, आणि त्यातही मुली मुलांच्या पुढे. हुशारी कमी पडली म्हणून अडलेली मुलगी मी क्वचितच पाहिली. बहुतेक जणी उत्पन्नाच्या दाखल्यापाशी, आजोबांच्या जातीच्या पुराव्यापाशी किंवा बँकेच्या खात्यापाशी अडल्या. त्यांच्यासाठी सरकारने पैसे ठेवले होते, ते त्यांच्यापर्यंत पोचले नाहीत.

म्हणून हे तुझ्यासाठी लिहिते आहे. तू आत्ता अकरावीत किंवा बारावीत असशील. बाबा नसतील, किंवा असून घरी पैसे देत नसतील. आई काजूच्या कारखान्यात किंवा सुकटीच्या खळ्यावर जात असेल. तू मामाकडे राहत असशील, किंवा तुझ्या वाडीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी असशील. आईला शेजारी बसवून वाच.

शिमगा: कागद गोळा करायचे

मार्चमध्ये बारावीची परीक्षा आणि शिमगा एकत्र येतात. शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवसापासून कामाला लाग. निकालाची वाट पाहू नकोस, कारण बारावीची गुणपत्रिका आणि बोनाफाईड सोडलं तर यातल्या एकाही कागदाला निकाल लागत नाही.

पहिला कागद उत्पन्नाचा दाखला. तो तहसीलदार देतात आणि अर्ज महा ई-सेवा केंद्रात किंवा आपले सरकारच्या संकेतस्थळावर होतो. त्याआधी तलाठ्यांचा चौकशी अहवाल लागतो. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठीच म्हणतात, मीही तेच म्हणते. हा दाखला १ एप्रिलनंतरच काढ. आर्थिक वर्षाचा दाखला पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालतो, त्यामुळे फेब्रुवारीत घाईने काढलेला प्रवेशाच्या वेळी बाद होतो. आमच्याकडे एका तलाठ्याकडे अनेक गावं असतात. ते कोणत्या वारी कोणत्या गावात बसतात हे आधी विचारून जा, म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी बुडणार नाही.

एक गोष्ट आईने ठामपणे सांगायला हवी. सातबारावर आजोबा, चुलते, आते अशी १५-२० नावं असतात आणि बाग सामाईक असते. त्या अख्ख्या बागेचं उत्पन्न एकट्या तुमच्या घराच्या नावावर धरलं जाऊ नये. तुमच्या वाट्याचं तेवढंच धरायला सांगा.

बाकीचे कागद: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, वय अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला, शिधापत्रिका, तुझं आणि आईचं आधार, पासबुकाचं पहिलं पान आणि प्रवेशानंतर कॉलेजचं बोनाफाईड. सगळ्यांचे फोटो काढून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेव. पावसात घर गळतं, कागद भिजतात. ईमेल भिजत नाही.

नावाची अक्षरं आत्ताच जुळवून घे. आमच्या आडनावांचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं असतं, कुठे 'व्ही' तर कुठे 'डब्ल्यू'. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि पासबुक या तिन्हींवर अक्षर न् अक्षर तेच हवं. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरून आधार दुरुस्त करून घे. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून केंद्रातल्या मुलाने टंकलेलं स्वतः वाचून मगच होकार दे.

मे महिना: चाकरमानी आले की आजोबांचा कागद शोधायचा

तू राखीव प्रवर्गातली असशील तर जातीचा दाखला आणि व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं. यातच सगळ्यांत जास्त वेळ जातो, म्हणून इथे थोडं सविस्तर सांगते.

पुरावा तुझा किंवा बाबांचा पुरत नाही, तो ठरलेल्या तारखेच्या आधीचा हवा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे शोध आजोबांचा किंवा पणजोबांचा आहे. सगळ्यांत खात्रीची जागा म्हणजे गावची जुनी प्राथमिक शाळा. तिथल्या जनरल रजिस्टरमध्ये आजोबांचं नाव आणि जात असते आणि मुख्याध्यापक त्याचा उतारा देतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबा पाहा, आजोबांची बहीण पाहा. बापाकडून रक्ताच्या नात्यातलं कुणीही चालतं, मात्र वंशावळीत ते नातं दाखवावं लागतं. याशिवाय तहसील कार्यालयात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. त्यातल्या काही मोडी लिपीत असतात, त्यांचं जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं.

इथेच मुंबईचे काका-आत्या कामाला येतात. काकांपैकी कुणाच्या मुलाची जात वैधता आधीच झाली असेल तर ते प्रमाणपत्र तुझ्या फाईलमधला सगळ्यांत भक्कम कागद. ते मेमध्ये घरी येतात, गणपतीला पुन्हा येतात. फोनवर 'पाठवतो' म्हणालेला कागद येत नाही. माणूस अंगणात बसलेला असतानाच फोटो काढून घे.

जुन्या कागदावर 'जिल्हा रत्नागिरी' पाहून मालवण-वेंगुर्ल्याच्या मुली घाबरतात. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या कागदावर रत्नागिरीच असणार. तसंच श्रीवर्धन-अलिबागच्या जुन्या कागदांवर कुलाबा जिल्हा असतो, तोच आताचा रायगड. यात चूक काही नाही, प्रांत कार्यालयाला हे ठाऊक असतं.

जात वैधतेचा अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत कर. जात पडताळणी समितीपुढे प्रकरण महिनोन्महिने चालू शकतं. अर्जाच्या पावतीवर प्रवेशाला मुदत मिळते कधी कधी, पण त्यावर वर्ष टांगू नकोस.

बाबा नसलेल्या घरांसाठी

बाबांचा मृत्यू झाला असेल तर मृत्यूचा दाखला काढून आईच्या नावाने उत्पन्नाचा दाखला घ्यायचा, इतकं ते सरळ आहे. अवघड होतं ते दर्यावर गेलेला माणूस परत न येता शरीरही सापडत नाही तेव्हा. मृत्यूचा दाखला मिळत नाही आणि माणूस मेला असं कायदा साधारण सात वर्षं बेपत्ता राहिल्यावर धरतो. तोवर पोलिसांतल्या बेपत्ता तक्रारीची प्रत आणि तलाठ्यांचा पंचनामा जपून ठेव. उत्पन्नाचा अर्ज आईच्याच नावाने दे, सोबत तिचं प्रतिज्ञापत्र जोड.

बाबांनी सोडून दिलं असेल तर आई अनेकदा कागदावर लिहायला लाजते. 'नवरा मुंबईला असतो' एवढंच सांगते आणि मग त्याच्या पगाराचा पुरावा मागितला जातो. आईला माझा निरोप सांग: विधि सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार स्त्रियांना वकिलाची मदत मोफत मिळते, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या न्यायालयातच त्यांची समिती असते. तिथे प्रतिज्ञापत्र कसं लिहायचं हे सांगतात. आणि आई-बाबा वेगळ्या जातींचे असून तुला आईनेच वाढवलं असेल, तर आईची जात मिळण्याचा दावा करता येतो. मूल आईच्या समाजात वाढलं हे सिद्ध झाल्यास बापाचीच जात धरावी असं बंधन नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं आहे.

आई-बाबांपैकी एक किंवा दोघंही नसतील आणि तुझी १८ वर्षं पूर्ण व्हायची असतील तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात बाल संगोपन योजनेचा अर्ज कर. महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अकरावी-बारावीच्या एसटीच्या पासाचा आणि वह्यांचा खर्च त्यातून निघतो. दोघंही नसतील तर त्याच कार्यालयातून अनाथ प्रमाणपत्राची चौकशी कर. त्यावर राज्यात शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का आरक्षण आहे.

खातं: पैसे इथेच हरवतात

शिष्यवृत्ती मंजूर झाली, 'पैसे पाठवले' असं दिसतं आणि पासबुकात काहीच नाही, हे मी दर वर्षी पाहते. कारण जवळपास नेहमी एकच. पैसे तू अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. तुझं आधार ज्या खात्याशी शेवटचं जोडलेलं असतं, त्या खात्यात ते जातात. शाळेत असताना कुणी उघडून दिलेलं, विसरलेलं, बंद पडलेलं खातं असेल तर रक्कम तिकडे जाते किंवा परत फिरते.

आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दिसते. मोबाईल क्रमांक आधारला जोडलेला असेल तर दोन मिनिटांत कळतं. हवी ती बँक दिसत नसेल तर शाखेत जाऊन आधार जोडणीचा फॉर्म भर आणि आठवड्याने पुन्हा तपास. खातं तुझ्या एकटीच्या नावावर हवं. लहानपणचं पालकांसोबतचं असेल तर १८ पूर्ण होताच नव्याने केवायसी करून घे. अपुऱ्या कागदांवर उघडलेल्या छोट्या खात्यात वर्षाला १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि महिन्याला १० हजारांपेक्षा जास्त काढता येत नाहीत, हेही बँकेत विचारून घे. बँक दूर असेल तर पोस्टात इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडता येतं, त्यालाही आधार जोडता येतं.

जून-जुलै: प्रवेश घेताना

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी (इतर मागासवर्ग) प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आधी ही सवलत निम्मी होती. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांसाठी स्वतंत्र योजना आधीपासून आहेत.

यातली अट नीट वाच. प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला माफी नाही, खासगी विद्यापीठांना आणि अभिमत विद्यापीठांनाही नाही. 'आधी प्रवेश घ्या, माफी नंतर बघू' असं सांगणारा कुणी भेटला तर हाच प्रश्न विचार: प्रवेश कॅपचा आहे का? माझी एक विद्यार्थिनी याच वाक्यावर विसंबली. तिची आई दोन वर्षं बचतगटाचं कर्ज फेडत होती.

माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे. विकास शुल्क, खाणावळ, वसतिगृह, पुस्तकं यांची नाही. कॉलेजने पावती दिली की त्यातल्या प्रत्येक ओळीचा अर्थ विचारून घे. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घे.

कोणती योजना निवडायची

मुलींचं नुकसान इथे न कळता होतं. केंद्राच्या आणि राज्याच्या बहुतेक योजना एकाच वेळी दोन घेता येत नाहीत. मग जी आधी कानावर येते ती भरली जाते. तसं करू नकोस, वहीत बेरीज मांड.

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगच्या मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ५० हजार, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. पहिल्या वर्षाला किंवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुली अर्ज करतात. आता समज, तू मालवण किंवा रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात आहेस. तिथे वर्षाची फी काही हजारच असते. फीमाफी घेतलीस तर तेवढेच हजार वाचतील, प्रगती मिळाली तर फी भरून खाणावळीचेही पैसे उरतील. उलट खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात फी लाखाच्या घरात असेल तर माफीच मोठी ठरते. प्रगती निवड यादीवर असते, नक्की मिळेलच असं नाही, हेही हिशेबात धर.

अनाथ मुलींसाठी, कोविडमध्ये आई किंवा वडील गमावलेल्यांसाठी आणि शहीद जवानांच्या मुलांसाठी एआयसीटीईचीच स्वनाथ योजना आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर सक्षम. दोन्हींची रक्कम वर्षाला ५० हजार. दिव्यांग मुलीने यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आत्ताच काढून ठेवावं.

बीए, बीकॉम, बीएस्सी करणाऱ्या मुलींना वाटतं आपल्यासाठी काहीच नाही. केंद्रीय क्षेत्र योजना त्यांच्यासाठीच आहे: बारावीला आपल्या मंडळात आपल्या शाखेत ८० व्या पर्सेंटाइलच्या वर, म्हणजे वरच्या २० टक्क्यांत, आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलं की अर्ज करता येतो. पदवीला वर्षाला १२ हजार, पदव्युत्तरला २० हजार. निम्म्या शिष्यवृत्त्या मुलींसाठी राखीव आहेत. आमच्याकडे हा फॉर्म फारच कमी जणी भरतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

अनुसूचित जातीच्या मुलींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. फीशिवाय निर्वाह भत्ताही मिळतो, तो अभ्यासक्रम आणि वसतिगृह पाहून वर्षाला २,५०० ते १३,५०० रुपये. यात एक सावधगिरी हवी: फीचा काही भाग थेट तुझ्या खात्यात येतो. तो घरखर्चाला वापरला की कॉलेज निकाल अडवून ठेवतं. आला की लगेच कॉलेजात भर. रायगडातल्या कातकरी मुलींनी पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वसतिगृहाची आणि शिष्यवृत्तीची चौकशी एकत्रच करावी. अल्पसंख्याक समाजातल्या मुलींसाठी महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर स्वतंत्र योजना आहे.

राहायचा प्रश्न फीइतकाच मोठा आहे. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातींसाठी स्वाधार, जमातींसाठी स्वयम् आणि ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेतून खोली-खाणावळीचे पैसे खात्यात येतात. आई बांधकामावर जात असेल तर तिची बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का पाहा. नोंदीत कामगारांच्या पहिल्या दोन मुलांना पदवीसाठीही मंडळ मदत देतं आणि ती नोंदणी दर वर्षी जिवंत ठेवावी लागते.

खासगी शिष्यवृत्त्यांपैकी कोटक कन्या आणि रिलायन्स फाउंडेशनची पदवी शिष्यवृत्ती या दोन नक्की पाहा. पहिलीला बारावीत ७५ टक्के, ६ लाखांपर्यंत उत्पन्न आणि व्यावसायिक अभ्यासक्रम लागतो, वर्षाला दीड लाखापर्यंत मिळतात. कोणत्याही शिष्यवृत्तीसाठी कुणी 'प्रोसेसिंग फी' मागितली किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवून दे.

फॉर्म भरताना आणि भरल्यावर

राज्याच्या योजना महाडीबीटीवर, केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. केंद्राच्या पोर्टलवर आधी ओटीआर नावाची एकदाच करायची नोंदणी होते. तिचा १४ अंकी क्रमांक पूर्ण शिक्षणभर चालतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. मोबाईल क्रमांक स्वतःचा किंवा आईचा दे. सेवा केंद्रातल्या मुलाचा दिलास तर पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातील.

सायंकाळी रेंज नसते आणि शेवटच्या आठवड्यात पोर्टल चालत नाही. मुदतवाढ मिळते म्हणून थांबणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. अर्ज सुरू झाला की पहिल्या पंधरवड्यात भर. गणपतीच्या आधी अर्ज गेला पाहिजे, नंतरचे पंधरा दिवस आपल्याकडे कुणीच जागेवर नसतं.

अर्ज गेला म्हणजे काम झालं असं समजू नकोस. तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या कार्यालयात जातो. छापील प्रत लिपिकाच्या हातात दे आणि पोचीची सही घे. दर सोमवारी स्थिती तपास. 'परत पाठवला' किंवा 'सदोष' असं दिसलं तर घाबरू नकोस, तो नामंजूर झालेला नसतो. कारण वाच, दुरुस्त कर, पुन्हा पाठव. हा संदेश न पाहिल्याने गेलेली शिष्यवृत्ती मी नामंजूर झालेल्यांपेक्षा जास्त वेळा पाहिली आहे. लिपिक दाद देत नसेल तर प्राचार्यांच्या नावे अर्ज लिही आणि आवक क्रमांक घे. लेखी मागणीला उत्तर द्यावं लागतं.

हेलपाटे होतील. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेला बसायला घाट चढून पायी साताऱ्याला गेले होते आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना तिथून परत पाठवलं गेलं. पुढे ते पुन्हा दुसरीकडे परीक्षेला बसले. १९१६ साली मुलींसाठी विद्यापीठ काढलं ते याच माणसाने. तहसीलदाराच्या दारातून 'उद्या या' ऐकून परत येणाऱ्या मुलींना मी ही गोष्ट सांगते.

एवढं करूनही पैसे कमी पडले तर पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक चांगल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत आहे. आधी आपलं कॉलेज त्यांच्या यादीत आहे का पाहा. सावकाराकडे किंवा सोनं गहाण ठेवायला त्यानंतरच जा.

दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो, त्याला नूतनीकरण म्हणतात. नव्या वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, पहिल्या वर्षाची गुणपत्रिका आणि तीच जुनी लॉगिन. एखादा विषय राहिला तर काही योजना थांबतात, म्हणून परीक्षेचा फॉर्म वेळेत भर. मोबाईल क्रमांक बदलला असेल तर आधी आधारला नवा क्रमांक जोड, मग पोर्टलवर जा. आणि पासवर्ड वहीत लिही, फोनमध्ये नको. होडीवरून उतरताना फोन पाण्यात पडतो.